बाबा, शू आलीय

मुलांना वेगळं झोपवायचं म्हटलं की सगळ्यात आधी पलंगाचीच चर्चा सुरू होते. गाडीच्या आकाराचा घ्यायचा का, वर चांदण्या लटकवायच्या का, चादर तिलाच निवडू द्यायची का. द्या की निवडू, काही बिघडत नाही, पण खरं सांगू का, आमच्या कन्येला पलंग पहिल्या दिवसापासून प्रचंड आवडला होता. दिवसभर त्याच्यावर उड्या, बाहुल्यांची शाळा, आल्यागेल्याला हात धरून नेऊन "हा माज्झा पलंग" म्हणून दाखवणं, सगळं झालं. फक्त त्याच्यावर झोपायचं नव्हतं. झोपायचं बाबाजवळ.

मला जे सांगायचंय ते एवढंच की प्रश्न पलंगाचा नसतोच, डोळा लागतो त्या पाच मिनिटांचा असतो. म्हणजे कसंय, मोठ्या माणसाची झोप साधारण ९० मिनिटांच्या फेऱ्यांमध्ये चालते, लहान मुलांच्या फेऱ्या त्याहून छोट्या असतात, आणि एक फेरी संपून दुसरी सुरू होताना झोप एकदम पातळ होते, कधीकधी माणूस चक्क जागा होतो. आपणही होतो. कूस बदलतो, पांघरूण ओढतो, परत झोपतो, सकाळी आठवतही नाही. पोरंही तशीच परत झोपतील, पण झोपताना जे आजूबाजूला होतं ते सगळं जागच्या जागी असलं पाहिजे. झोपताना आई शेजारी होती आणि आता नाहीये म्हटल्यावर पोरगं खडबडून जागं होणार आणि आईला शोधत येणार. यात हट्ट वगैरे काही नाही, लाडावलेपण तर त्याहून नाही.

आमच्याकडे हे प्रकरण माझ्या कानाचं होतं. कन्येला झोपताना माझ्या कानाची पाळी चिमटीत धरायला लागायची, ती चोळत चोळत झोपायची. मग ती झोपली की सुटकेचा कार्यक्रम. बोटं एकेक करून सोडवायची, श्वास संथ झालाय ना ते बघायचं, एक पाय खाली, मग दुसरा, आणि दाराशी पोचेपोचेपर्यंत गुडघा कट्कन वाजणार. गुडघा नाही वाजला तर फोन वाजणार. आणि एवढं सगळं जमून आलं तरी मध्यरात्री अंधारात एक छोटासा गार हात माझ्या गालावरून सरपटत कानाकडे निघालेला असायचा, एखाद्याचं काळीज बंद पडायचं.

तर मुद्दा हा की पोर गाढ झोपल्यावर तिला तिच्या पलंगावर नेऊन ठेवणं, जे बहुतेक सगळे करतात, त्याने काही होत नाही. झोप लागतानाच ती तिथे असायला हवी, आणि ती पेंगुळलेली पण जागी असताना आपण नसायला हवं. हे सगळ्यात अवघड आहे, बाकी सगळं याच्या तयारीत मोडतं.

तयारीत पहिलं म्हणजे वेळ साधणं. घरात नवीन बाळ येऊ घातलंय, डायपर सोडवणं चालू आहे, घर बदलतोय, पोरगी नुकतीच तापातून उठलीये, असल्या काळात हा उद्योग काढूच नये. बाळासाठी पाळणा मोकळा करायचा म्हणून मोठ्याला घाईघाईने उठवून पलंगावर टाकलं तर त्याच्या डोक्यात हिशोब सरळ असतो, हा आला आणि माझी जागा गेली. त्यापेक्षा बाळ यायच्या दोनतीन महिने आधी तरी करा, नाहीतर येऊन सगळं स्थिरस्थावर झाल्यावर. कठड्याच्या पाळण्यातून पोर बाहेर चढायला लागलं किंवा उंची ८९ सेंटिमीटरच्या पुढे गेली की मात्र थांबायचं नाही, कारण वरून डोक्यावर पडायची भीती असते. आणि एकदा का पोर स्वतःचं स्वतः पलंगावरून उतरायला लागलं की ती अख्खी खोलीच त्याची झाली, रात्री दोन वाजता, आपण झोपेत असताना. कपाट आणि खणांचं टेबल भिंतीला पक्कं करा (खण उघडून त्यावर पायऱ्यांसारखं चढतात ही मंडळी), पडद्याच्या लोंबत्या दोऱ्या वर बांधा, पलंग बुटका घ्या, गादी आणि भिंतीच्या मधे फट ठेवू नका. एवढं एकदा केलं की आपल्यालाही निवांत झोप लागते.

आता झोपायच्या वेळेबद्दल, कारण इथे बरेच लोक अडकतात. आम्ही साडेआठला दिवा घालवायचो आणि मॅडम झोपायच्या दहाला. मधला दीड तास म्हणजे पाणी, शू, एक पाय दुखतोय, मग दुसरा, उद्या काय वार आहे, मुंगी कुठे झोपते. "बाबा, शू आलीय" या वाक्याला तर नाहीच म्हणता येत नाही, आणि हे तिला पक्कं माहिती. पण यात गंमत अशी की झोप लागायच्या आधीचा काही वेळ शरीर उलट जास्त तरतरीत असतं, मोठ्यांचंही, त्यामुळे त्या वेळात पोराला अंधारात आडवं करून झोप म्हणणं म्हणजे भांडणाला आमंत्रणच. यावर उपाय ऐकायला उलटा वाटतो. ती खरोखर ज्या वेळेला झोपते त्याच वेळेला तिला पलंगावर न्यायचं, म्हणजे दहाला तर दहाला, तोवर बाहेर शांतपणे काहीतरी चालू दे. पलंगावर गेली की पंधरावीस मिनिटांत झोपते हे बसलं की मग दर दोनतीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरकायचं. सकाळी उठायची वेळ मात्र हलवायची नाही, नाहीतर सगळं मुसळ केरात. दुपारची झोपही बघा. पोर साडेचारपाचपर्यंत ताणून देत असेल तर रात्री नऊला कुठून झोप येणार. एक ते दोन वर्षांच्या पोरांना दुपार धरून दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्यांना १० ते १३, या बेरजेतून दुपारची झोप वजा केली की रात्रीच्या वाट्याला किती उरते ते दिसतं.

उजेडाचंही तसंच. मेलाटोनिन, म्हणजे शरीराला झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, अंधार पडला की तयार होतं आणि लहान मुलांच्या डोळ्यांवर उजेडाचा परिणाम आपल्यापेक्षा जास्त होतो, त्यामुळे झोपायच्या आधीच्या तासात घरातले ढणढणीत दिवे आणि फोन-टीव्ही बंद. रात्रभरासाठी दिवा हवाच असेल तर मिणमिणता, पिवळा किंवा लालसर, आणि तो झोपतानाही लागलेला असावा आणि पहाटेही. झोपताना लावला आणि नंतर आपण जाऊन घालवला तर परत तेच, रात्री जाग आली की काहीतरी बदललेलं.

मग प्रत्यक्ष काय केलं, तर खुर्ची. पहिल्या काही रात्री पलंगाला चिकटून खुर्ची, मी त्यात बसलेला, कान तिच्या हाताच्या टप्प्यात नाही. तिला थोपटलं तरी चालेल पण शेजारी आडवं व्हायचं नाही. मग काही रात्रींनी थोपटणं बंद, नुसतं बसायचं. मग खुर्ची खोलीच्या मधे, मग दारात, मग दाराबाहेर. बोलायचं नाही, गोष्ट संपली ती संपली. खुर्चीत बसून मी इतका कंटाळवाणा झालो होतो की मलाच माझी झोप यायची, आणि तेच तर पाहिजे, आपण इतकं नीरस व्हायचं की आपल्याकडे बघत जागं राहण्यात काही मजाच उरू नये. ती उठून आली की हात धरून परत न्यायचं, "झोपायची वेळ झाली", बास. रागवायचं नाही, कुशीत घेऊन समजूतही काढत बसायचं नाही. रागवणं हासुद्धा पोरांच्या लेखी गप्पांचाच प्रकार आहे हे माझं ठाम मत.

यात एक टप्पा असा येतो की सुधारत चाललेलं सगळं एका रात्रीत दसपट बिघडतं, रडणं, पाय आपटणं, "बाबा तू मला आवडत नाहीस" पर्यंत. हे होतंच. जे आत्तापर्यंत मागितलं की मिळायचं ते मिळेनासं झालं की माणूस आधी जोर लावून बघतो आणि मगच सोडतो. नेमकं त्याच रात्री आपण पाऊण तास तग धरून शेवटी "बरं ये" म्हटलं, तर पोराला जे कळतं ते असं की पाऊण तास रडलं की काम होतं. त्यामुळे देणारच असाल तर पहिल्या मिनिटाला द्या आणि नसाल तर देऊच नका. आणि हे दोघांनी मिळून ठरवा. आमच्या घरात बायको पक्की आणि मी पाघळणारा, म्हणून अवघड रात्री तिने घेतल्या आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

रडू द्यावं की नाही यावर लोक हमरीतुमरीवर येतात. दार लावून घ्यायचं आणि उघडायचंच नाही हे मला झेपलं नसतं, पण जे करतात ते राक्षस नाहीत. या विषयावरच्या ५२ अभ्यासांचा एक आढावा २००६ मध्ये आला होता, त्यात असल्या वेगवेगळ्या पद्धतींनी बहुतेक मुलांची झोप सुधारलेली दिसते. आणि ऑस्ट्रेलियात तान्हेपणी हळूहळू सवय लावलेल्या मुलांना सहा वर्षांची झाल्यावर परत तपासलं, २०१२ मध्ये ते छापून आलं, त्यांच्या वागण्यात किंवा आईबापांशी असलेल्या नात्यात काही उणं सापडलं नाही. खास फायदाही उरला नव्हता म्हणा. म्हणजे पद्धत कुठली यावर इतकं डोकं तापवायचं कारण नाही, रोज तीच पद्धत असणं महत्त्वाचं.

तीन वर्षांच्या पुढच्या पोरांसाठी एक युक्ती मला फार आवडली, पासची. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या काही तज्ज्ञांनी तीन आणि दहा वर्षांच्या दोन मुलांवर ती करून बघितली होती. रोज झोपताना पोराच्या हातात एक पास द्यायचा, तो दाखवून एकदा बाहेर यायचं, एक छोटीशी गोष्ट मागायची, पाणी, पापा, काहीही, मग पास जमा. त्यानंतर बाहेर आलं की न बोलता परत. आम्ही पुठ्ठ्याचा तुकडा कापला, तिने त्यावर निळ्या खडूने भरपूर गिरगटलं आणि तो पास झाला. पहिल्या रात्री दिवा घालवून मी वळतोय तोच पास हजर, मागणी काय तर अजून एक पास. नंतर नंतर मात्र ती तो वापरेना. उशीखाली ठेवून द्यायची, संपला तर काय करणार म्हणून. वापरता येतोय एवढंच तिला पुरत असावं. दोन वर्षांच्या पोराला हे काही कळणार नाही, त्याच्यासाठी खुर्चीच बरी.

भीतीचं वेगळं आहे, तिथे कंटाळवाणं व्हायचं नाही. पहाटेकडे रडत उठली, स्वप्नात काय आलं ते सांगतेय, आपल्याला घट्ट धरतेय, तर ते वाईट स्वप्न, जवळ घ्यायचं, पण तिच्याच पलंगाशी जाऊन, उचलून आपल्या खोलीत न आणता. झोपल्यावर तासादोन तासांतच किंचाळत उठून बसली, डोळे उघडे पण आपल्याला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतेय, तर ती अर्धवट जाग असते, तिला उठवायला जायचं नाही, पडणार नाही एवढं बघायचं, सकाळी तिला काही आठवत नाही. आपल्याला मात्र आठवतं. राक्षस पळवायचा फवारा मारणं वगैरे मला पटत नाही, फवारा मारला म्हणजे राक्षस होता हे आपणच कबूल केलं की. आणि पोर जवळपास रोज मोठ्याने घोरत असेल, झोपेत मधेच श्वास अडकल्यासारखा होत असेल, किंवा पाय सारखे वळवळतात म्हणत असेल तर खुर्ची-बिर्ची राहू दे, आधी डॉक्टरांना दाखवा, टॉन्सिल किंवा शरीरातलं लोह बघावं लागतं.

घरच्यांची मतं येतातच. एकीकडून "एवढ्याशा पोरीला एकटी टाकता?" आणि दुसरीकडून "अजून तुमच्यातच झोपते?", कधीकधी एकाच माणसाकडून. सगळ्यांना एकत्र छान झोप लागत असेल तर वर्ष उलटून गेलेल्या पोराला वेगळं झोपवायलाच पाहिजे असं काही नाही (तान्ह्या बाळांची गोष्ट वेगळी, ती आपल्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या गादीवरच सुरक्षित). आमच्याकडे कुणाचीच झोप होत नव्हती म्हणून आम्ही केलं. मधे ताप आला तेव्हा ती परत आमच्यात होती, बरी झाल्यावर खुर्ची परत आली, या वेळी पटकन सरकली.

आता रात्री प्रश्न नाही, प्रश्न पहाटेचा आहे. साडेपाचला टक्क जागी होऊन "सकाळ झाली" असं घरभर जाहीर करते. ठरलेल्या वेळेला हिरवा होणारा दिवा आणलाय, हिरवा झाल्याशिवाय पलंगावरून उतरायचं नाही असा करार आहे. काल ती पलंगावरूनच, न उतरता, खणखणीत आवाजात विचारत होती, "बाबा, झाला का हिरवा?"