एक वायर अडीच मीटर, दुसरी नऊ

बेळगावच्या वडगावातलं आमचं घर जुनं. सोप्यात ॲम्प्लिफायर ठेवायला जागा एकच, डावीकडचा कोनाडा. डावा स्पीकर त्याच्या शेजारीच, तिथं अडीच मीटर वायर पुरली. उजव्याच्या वाटेत माजघराचं दार. वायर चौकटीवरून चढवून पलीकडे उतरवली तर नऊ मीटर झाली.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. आला, बघितलं आणि म्हणाला, "मामा, असं चालत नसतंय की. दोन्ही सारख्या पाहिजेत. डावीकडचा आवाज आधी येऊलाय बघा."

आवाज डावीकडे ओढत होता खरा. पण आम्ही हिशेब मांडला. वायरीतून सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. साडेसहा मीटरच्या फरकाला लागतात ३२ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात हवेतला आवाज मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा पुढं सरकतो. केसाची जाडीसुद्धा त्याहून जास्त.

राहिला रोध, म्हणजे वायर विजेला करते तो अडथळा. वायरीचं एक टोक पिळून जोडलं, दुसऱ्याला मल्टिमीटर लावला: ०.५ ओहम. भाचा खूश! मग त्याला मीटरच्या दोन्ही पिना नुसत्या एकमेकींना टेकवायला सांगितल्या. ०.३! म्हणजे अर्ध्याहून जास्त रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच. अडीच स्क्वेअर एमएमच्या नऊ मीटर तांब्याला, जाऊन-येऊन, ०.१४ च्या आसपास येतो. ८ ओहमच्या स्पीकरवर दोन्ही बाजूंत फरक पडतो ०.१ डेसिबल. आमच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे माग चालतात, तिथं ०.१ डेसिबल कोण ऐकणार?

लांबीपेक्षा जाडी आणि धातू बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते, आणि तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो. मी दुकानातच एक तार ब्लेडनं खरवडतो. आत पांढरी दिसली की बंडल परत.

आणि आवाज डावीकडे का ओढत होता? मोजायचा टेप लावला. माझ्या खुर्चीपासून डावा स्पीकर उजव्यापेक्षा ३० सेंटिमीटर जवळ निघाला. ३० सेंटिमीटर म्हणजे हवेत जवळजवळ एक मिलिसेकंद, वायरीतल्या त्या फरकाच्या पंचवीस हजार पटींहून जास्त. खुर्ची उजवीकडे सरकवली, सहाला माग थांबल्यावर कुमार गंधर्वांचं भजन लावलं (आपल्या सुळेभावीत जन्मलेला माणूस, दुसरं काय लावणार?) आणि गळा बरोबर दोन स्पीकरांच्या मधोमध आला. भाचा काही बोलला नाही, पण रेकॉर्डची दुसरी बाजूही ऐकूनच उठला.

आता अडचण एकच. खुर्ची येते ती नेमकी माजघराच्या वाटेत. आई दिवसातून चारदा ती सरकवते. फरशीवर खडूनं खुणा केल्या होत्या, त्या परवा तिनं फडक्यानं पुसून टाकल्या.