कोणी दिली?

भाषांतराचं काम नुकतंच हातात घेतलं होतं, तेव्हाची गोष्ट. जीवशास्त्राच्या एका पुस्तकातली चाळीसेक पानं माझ्या वाट्याला आली होती. त्यात एक मथळा होता, 'ट्रान्स्लेशन इनिशिएशन'. मी कोश उघडला, इनिशिएशनपुढे 'दीक्षा' दिसलं आणि बेधडक लिहून टाकलं, 'भाषांतराची दीक्षा'. खरं सांगायचं तर मनातून खूशही झाले होते. पानं तपासून परत आली तेव्हा त्या मथळ्याभोवती लाल गोल होता आणि समासात संपादकबाईंनी दोनच शब्द लिहिले होते : 'कोणी दिली?'

तिथलं ट्रान्स्लेशन म्हणजे पेशीत प्रथिन तयार होतं ती क्रिया, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. मथळा 'भाषांतरणाचा आरंभ' असा दुरुस्त झाला, पण तो लाल प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढे 'इनिशिएशन' हा शब्द जिथे जिथे भेटला तिथे मी आधी तेच विचारत आले, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा उत्तर त्या प्रश्नातच सापडलं.

कारण बिगिनिंग आणि इनिशिएशन यांत फरक आहे तो आपल्या 'सुरू होणे' आणि 'सुरू करणे' यांतला. पाऊस सुरू होतो, तो कुणी सुरू करत नाही. इंग्रजीतही पावसाचं बिगिनिंग चालतं, इनिशिएशन कानाला खटकतं. उपचारांचं, वाटाघाटींचं, कोर्टातल्या कारवाईचं मात्र इनिशिएशन होतं, कारण तिथे कुणीतरी पहिलं पाऊल उचललेलं असतं. अशा वेळी मी 'उपचारांचा प्रारंभ' असलं काही लिहीत नाही. सरळ 'उपचार सुरू करताना' लिहिते. मराठीला नामापेक्षा क्रियापद मानवतं. (नियम अगदी चोख नाही. धातूला वारंवार ताण बसून बारीक चीर पडू लागते, तिलाही अभियंते 'क्रॅक इनिशिएशन' म्हणतात, आणि ती चीर मुद्दाम कुणी पाडत नाही.)

दुसरा अर्थ आत घेण्याचा. एखाद्या संघटनेत, पंथात, गुप्त मंडळात माणसाला विधिपूर्वक सामील करून घेणं. शब्दाचं मूळ पाहिलं तर खरं म्हणजे हाच अर्थ आतला आहे. लॅटिनमध्ये 'इन' म्हणजे आत आणि 'इरे' म्हणजे जाणे. त्यावरून 'इनिटियम', म्हणजे आरंभ. आरंभ म्हणजे आत शिरणं. रोमन लोक ग्रीसमधल्या एल्युसिसच्या गुप्त विधींना त्याच शब्दाचं अनेकवचन लावत, 'इनिटिया'. दारावर लिहिलेल्या 'एक्झिट'मध्येही तेच 'इरे' आहे, फक्त बाहेर जाणारं. आणि हे 'इरे' आपल्याला परकं नाही. संस्कृतातला 'इ' हा जाणे या अर्थाचा धातू त्याचाच भाऊबंद. उदय, अन्वय, अतीत, प्रत्यय या सगळ्यांत तो दडलेला आहे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून अर्धा तास नुसती शब्दच सोडवत बसले होते.

१९०९ मध्ये आर्नोल्ड व्हान गेनेप या मानववंशशास्त्रज्ञांनी जगभरच्या अशा विधींचे तीन टप्पे मांडले : आधी माणसाला जुन्या जागेपासून तोडायचं, मग काही काळ ना इथे ना तिथे ठेवायचं, मग नव्या मंडळीत घ्यायचं. मधल्या टप्प्याचं नाव त्यांनी उंबरठ्याच्या लॅटिन शब्दावरून, 'लिमेन'वरून, घेतलं. फ्रीमेसन या जुन्या गुप्त मंडळात तर हे अक्षरशः दिसतं. उमेदवाराचे डोळे बांधतात, दारावर थाप पडते आणि मग त्याला आत नेतात. त्यांच्या तीन पायऱ्यांपैकी फक्त पहिलीलाच इनिशिएशन म्हणतात. पुढच्या दोन पायऱ्यांची नावं वेगळी. बरोबरच आहे, आत एकदाच शिरता येतं.

इथे 'दीक्षा' बसते का? कधी कधी. गुरू असेल, व्रत असेल, आयुष्य बदलणार असेल तर जरूर बसते. पण टेनिस क्लबाची दीक्षा म्हटलं की वाचक हसणारच. तिथे 'प्रवेशविधी' पुरतो, नाहीतर नुसतं 'सभासद करून घेणे'. 'इनिशिएशन फी' हे प्रवेश शुल्क. एकदाच भरायचं, वर्षाची वर्गणी वेगळी. आणि ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या क्रीडा संघांत नव्या पोरांना दारू पाजून जे चाळे करायला लावतात, त्यालाही ते लोक इनिशिएशन म्हणतात. त्याला मी रॅगिंगच लिहिते. तिथे सौम्य शब्द शोधायला माझी तयारी नाही.

माझा आवडता अर्थ तिसरा. एखाद्या गोष्टीची पहिली ओळख कुणीतरी करून देणं. इथे मराठी अशी काही फुलते की इंग्रजीचा एकुलता एक शब्द गरीब वाटू लागतो. बुद्धिबळाची असेल तर तोंडओळख, गाण्याची असेल तर श्रीगणेशा. एका कादंबरीत आजोबा नातवाचं पत्त्यांत 'इनिशिएशन' करतात, असं वाक्य होतं. मी दोन दिवस अडले होते. शेवटी लिहिलं, 'आजोबांनीच त्याला पत्त्यांच्या नादी लावलं.' मूळ वाक्यात 'नाद' कुठेच नव्हता, पण पुढच्या सतरा पानांत पोरगं दुसरं काहीच करत नव्हतं.

फसवतं ते शब्दयोगी अव्यय. 'इनिशिएशन इंटू' दिसलं की निर्धास्त असावं. कुणीतरी कशाच्या तरी आत चाललंय. 'इनिशिएशन ऑफ' दिसलं की थांबायचं, कारण 'ऑफ'नंतर सुरू होणारी गोष्टही येते आणि आत घेतला जाणारा माणूसही. योजनेचं इनिशिएशन म्हणजे योजना सुरू करणं, पण सभासदांचं इनिशिएशन म्हणजे सभासद सुरू करणं नव्हे. सोबत एक उच्चाराचीही गंमत आहे. 'इनिशिएट' हे क्रियापद असेल तर शेवट 'एट' असा लांब, आणि आत घेतलेला माणूस असेल तर तेच अक्षर आखडून 'इट'सारखं. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात.

बऱ्याच वर्षांनी पेशीच्या त्याच विषयावरचा मजकूर पुन्हा हाती आला. या वेळी नीट वाचला. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिन बनवणारं यंत्र. त्याचा लहान भाग प्रथिनाचा आराखडा घेऊन आलेल्या संदेशवाहक आरएनएवरून सरकत ए-यू-जी ही तीन अक्षरं शोधतो. ती सापडली की मोठा भाग वर येऊन बसतो आणि प्रथिनाची माळ ओवायला सुरुवात होते. पण माळेतलं पहिलं अमिनो आम्ल, मेथिओनिन, तिथवर आपलं आपण येत नाही. काही मदतनीस प्रथिनं त्याला आणतात, जागेवर बसवतात आणि पुढची माळ सुरू व्हायच्या आत निघून जातात. त्यांचं नाव इनिशिएशन फॅक्टर.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाला उत्तर होतं. त्यांना कळवावंसं फार वाटलं, पण तोवर आमचा संपर्क तुटला होता.

सध्या एका मंडळाची नियमावली करतेय. एकाच पानावर हा शब्द चारदा आलाय. पहिला 'नव्या सभासदांचा प्रवेशविधी' झाला, दुसरा 'प्रवेश शुल्क', तिसरा 'सभासदाविरुद्ध कारवाई सुरू करणे'. चौथा आहे 'इनिशिएशन ऑफ द कमिटी'. समिती स्थापन करायची, की निवडून आलेल्यांना विधिपूर्वक आत घ्यायचं, की समितीनं स्वतः काही सुरू करायचं? त्यांना विचारणारा मेल मंगळवारी पाठवलाय. तोवर तिथे कंसात एक प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंय, लाल रंगात.