२१४ कोटींच्या पुढचा एफएफटी : माझा अनुभव

भोसरीच्या एमआयडीसीत आम्ही मोजमापाची डेटा कार्डं बनवतो. एका ग्राहकाला जमिनीची अगदी बारीक थरथर मोजायची होती आणि त्यांची अट एकच होती: कार्डाचा स्वतःचा कुठलाही टोन, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीचा सूर, डेटात घुसता कामा नये. हे तपासायची रीत सरळ आहे. इनपुट शॉर्ट करायचा (म्हणजे बाहेरचा सिग्नल शून्य), २४ तास रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि सगळ्याचा मिळून एकच एफएफटी काढायचा. एफएफटी म्हणजे सिग्नलमध्ये कुठली फ्रिक्वेन्सी किती आहे ते सांगणारं गणित.

एरवी कुणी विचारलं तर मी सांगेन, असला लांबलचक एफएफटी काढायच्या भानगडीत पडू नका. रेकॉर्डिंगचे तुकडे पाडून प्रत्येकाचा एफएफटी काढला आणि त्यांची सरासरी घेतली (ही वेल्च पद्धत) की बहुतेक कामं भागतात. पण टोन क्षीण आणि स्थिर असेल तर लांबीला पर्याय नाही. लांबी दुप्पट केली की तो नॉइजच्या मानाने ३ डेसिबल वर येतो.

सेकंदाला ५१,२०० सॅम्पल (मोजलेले आकडे), २४ तास, म्हणजे एकूण ४,४२,३६,८०,००० सॅम्पल. आकडा मोठा असला तरी सोयीचा आहे, कारण त्याचे अवयव फक्त २, ३ आणि ५. असे आकडे एफएफटीडब्ल्यूला, म्हणजे एफएफटी काढणाऱ्या तयार लायब्ररीला, मानवतात. तिच्यावर लिहिलेला एक जुना सी प्रोग्रॅम आमच्याकडे होताच, तासाभराच्या फाइलींवर बिनतक्रार चालणारा. २४ तासांची फाइल दिली, तीही त्याने मुकाट्याने घेतली. एरर नाही, क्रॅश नाही, आणि ग्राफ तर फारच देखणा. ७४५ हर्ट्झच्या वर सगळं सपाट, एकही टोन नाही!

आमच्या हार्डवेअरच्या सरांनी चष्मा वर करून तो ग्राफ पाहिला आणि म्हणाले, "अहो मॅडम, आपलं कार्ड इतकं चांगलं नाहीये. नॉइज कुठे गेला?"

बरोबरच होतं. टोन नसतील एक वेळ, पण नॉइज नाही असं होत नाही. शिवाय मेन्सचा (घरगुती विजेचा) ५० हर्ट्झचा उंचवटा जागेवर नव्हता आणि १.४५ हर्ट्झवर एक भलताच उंचवटा बसला होता. ५० ला १.४५४८ ने भागलं, ३४.३७ आले. २४ तासांना ३४.३७ ने भागलं, तर जेमतेम ४२ मिनिटं. म्हणजे प्रोग्रॅमने पहिल्या ४२ मिनिटांचाच एफएफटी काढला होता आणि आडव्या अक्षावर २४ तासांच्या हिशेबाने आकडे छापले होते.

कारण असं, की एफएफटीडब्ल्यूच्या नेहमीच्या फंक्शनमध्ये लांबी ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकारात द्यायची असते. इंट ३२ बिटांचा, त्याची मजल २,१४,७४,८३,६४७ पर्यंत. आमचा आकडा त्यात कोंबला की वरचे बिट गळून पडतात आणि उरतात १२,८७,१२,७०४. उरलेला आकडा ऋण आला असता तर प्लॅन (लायब्ररी आधी आखते तो गणिताचा आराखडा) बनलाच नसता आणि गोष्ट लगेच उघडी पडली असती. इथे तो धन आला, वैध आला. बाकीचा आउटपुट अॅरे (आकड्यांची रांग) शून्यांनी भरलेलाच राहिला, म्हणून वरचा भाग सपाट. जीसीसी हा कंपायलर याबद्दल ‘-वॉल’ हा इशाऱ्यांचा पर्याय लावूनही काही बोलत नाही. ‘-डब्ल्यूकन्व्हर्जन’ वेगळं लावावं लागतं.

लायब्ररीत मात्र उपाय आधीपासून आहे. ६४ बिटी मशीनवर तिची आतली सगळी मोजणी ६४ बिटांतच चालते, अडचण फक्त दारात, म्हणजे लांबी इंटमध्ये घेणाऱ्या फंक्शनमध्ये, आहे. त्यासाठी ‘गुरू६४’ नावाचा वेगळा इंटरफेस दिला आहे. लांबी आणि स्ट्राइड (दोन सॅम्पलमधलं अंतर) एका छोट्या स्ट्रक्चरमध्ये ६४ बिटी पूर्णांक म्हणून भरायचे, बस्स. चार ओळींचा बदल.

खरा वेळ गेला तो आमच्या स्वतःच्या कोडमध्ये. लूपचे इंट बदलणं सोपं. त्रास फ्लोटने, म्हणजे दशांश आकडे साठवायच्या प्रकाराने, दिला. ३२ बिटी फ्लोट १,६७,७७,२१६ पर्यंतचेच सगळे पूर्णांक अचूक धरतो. हान विंडो (डेटाची दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) काढताना सॅम्पलचा क्रमांक फ्लोटमध्ये होता, त्यामुळे विंडोला पायऱ्या पडत होत्या. डीसी (सिग्नलची स्थिर सरासरी) काढण्यासाठीची बेरीजही फ्लोटमध्येच, म्हणजे कोट्यवधी सॅम्पलनंतर नवी भर तिला जाणवेनाशीच होते. दोन्ही डबलमध्ये, म्हणजे ६४ बिटी दशांश आकड्यांत, नेलं. डेटा मात्र फ्लोटच ठेवला. नुसता इनपुटच १७.७ जीबी भरतो, तेवढाच आउटपुट, आणि मशीनला रॅम ६४ जीबी. सगळंच डबल केलं असतं तर मावलं नसतं.

प्लॅन बनवताना ‘मेझर’ निवडलं तर लायब्ररी खरोखर एफएफटी चालवून वेळ मोजते आणि त्यात अॅरेतला मजकूर पुसते. म्हणून आधी प्लॅन, मग फाइल वाचायची. या लांबीला मेझर फार रेंगाळतं. मी वेळेची मर्यादा घातली आणि तयार झालेलं विज्डम (लायब्ररीने शोधलेल्या जलद रीतींची नोंद) फाइलमध्ये जपून ठेवलं.

तपासणीसाठी एक युक्ती सांगते, फुकटची आहे. विंडो न लावता सगळा अॅरे शून्य करा, फक्त ४०० कोटीव्या जागी १ ठेवा. एफएफटी बरोबर असेल तर प्रत्येक घराची (आउटपुटमधल्या एकेका फ्रिक्वेन्सीच्या जागेची) मात्रा १ यायला हवी. जुन्या प्रोग्रॅमने सगळीकडे शून्य दिलं, त्याला तो १ कधी दिसलाच नव्हता. नव्याने १ दिले, अगदी शेवटच्या घरापर्यंत.

मग खरी फाइल चालवली. २२१ कोटी घरं काही ग्राफवर मावत नाहीत, म्हणून गटागटाने कमाल किंमत घेतली. सरासरी घेतली असती तर बारीक रेघ बुडाली असती. ५० हर्ट्झचा उंचवटा जागेवर आला, चांगला पसरट, कारण ग्रिडची फ्रिक्वेन्सी दिवसभर डुलत असते. आणि १,००० हर्ट्झच्या अगदी शेजारी सुईसारखी रेघ! यूएसबीची फ्रेम दर मिलिसेकंदाला येते, तिचाच हा ठसा. बरोबर हजारावर नव्हती, कारण पीसीचं आणि कार्डाचं घड्याळ चालवणारं क्रिस्टल वेगळं. दोघांत दहा लाखांत २० भाग एवढा फरक असला, तरी या एफएफटीत रेघ १,७२८ घरं सरकते.

सर ती रेघ पाहून जवळजवळ खूशच झाले. मध्ये यूएसबी आयसोलेटर (पीसी आणि कार्ड विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवणारा भाग) घातल्यावर ती नॉइजखाली गेली. आता तो आयसोलेटर बोर्डावरच द्यायचा की ग्राहकाला वेगळा घ्यायला सांगायचा, यावरून सरांचं आणि परचेसवाल्यांचं रोज वाजतंय.