नागपूरचे डॉक्टर, सायकलवर

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एमबीबीएसनंतर सार्वजनिक आरोग्याचे क्षेत्र निवडले होते. पुढे मात्र त्यांचे नाव झाले ते अतिदीर्घ पल्ल्याचे सायकलपटू म्हणून. ओशनसाइड ते अ‍ॅनापोलिस अशी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ त्यांनी २०१७ मध्ये पहिल्याच प्रयत्नात, बारा दिवसांच्या आत, एकट्याने पूर्ण केली. त्यांच्या काही तास आधी पोहोचलेले श्रीनिवास गोकुलनाथ हे लष्करातील डॉक्टर, आणि २०१५ मध्ये दोघांच्या संघातून ही स्पर्धा पुरी करणारे नाशिकचे महाजन बंधूही डॉक्टरच, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या स्पर्धेत झोप दिवसाकाठी जेमतेम दोन-तीन तास मिळते, आणि सतत पुढे वाकून बसल्याने काहींच्या मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरणेच अशक्य होते; ‘शर्मर्स नेक’ म्हणतात तो हाच त्रास. अशा वेळी शरीर काय सांगते आहे हे ओळखण्याची डॉक्टरची सवय नक्कीच कामी येत असणार.

तरीही माझ्या मते समर्थांची सर्वांत मोठी कामगिरी २०१८ ची: मॉस्को ते व्लादिव्होस्तोक, सुमारे ९,१०० किलोमीटर, पंधरा टप्पे, आणि मध्ये अख्खा सायबेरिया.