कच्चे तेल स्वस्त, पेट्रोल महाग

कॅलिफोर्नियात पेट्रोलसाठी अमेरिकेच्या सरासरीपेक्षा गॅलनमागे, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरमागे, बहुतेक वेळा एक डॉलर किंवा त्याहूनही अधिक मोजावे लागतात. येथील मराठी मंडळींच्या गप्पांत याचे खापर करांवर फुटते आणि ते अगदीच निराधार नाही, कारण राज्याचे उत्पादन शुल्कच गॅलनला ६० सेंटच्या घरात आहे. परंतु कर आठवड्यात उसळी घेत नाहीत, भाव मात्र घेतात.

त्या उसळीचे मूळ रिफायनऱ्यांत आहे. प्रदूषणाच्या कडक नियमांमुळे येथे वेगळ्या मिश्रणाचे पेट्रोल लागते, टेक्सासकडून ते आणणारी पाइपलाइन नाही, आणि दक्षिण कोरियातून किंवा भारतातून मागवले तर जहाज पोहोचेपर्यंत काही आठवडे जातात. एखादी रिफायनरी बंद पडली, की त्या मधल्या काळात आहे तेवढ्याच साठ्यासाठी व्यापारी चढ्या बोली लावतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्सचे आहे. १८ फेब्रुवारी २०१५ रोजी तेथील रिफायनरीत स्फोट झाला आणि पेट्रोल बनवणारे मुख्य युनिट वर्षाहून अधिक काळ बंद राहिले. त्या जुलैमध्ये कच्चे तेल बॅरलला ५० डॉलरच्या आसपास उतरले होते, देशभर पेट्रोल तीन डॉलरच्या आत मिळत होते, आणि लॉस एंजेलिसमध्ये मात्र गॅलनचा भाव चार डॉलरच्या वर होता. कच्चे तेल उतरले की पेट्रोल उतरते, हा आपला ठाम समज तेथे सपशेल खोटा ठरला.

मुंबईत माहुलच्या रिफायनरीतले एखादे युनिट बंद पडले म्हणून पंपावरचा भाव असा भडकत नाही, कारण देशाची शुद्धीकरण क्षमता गरजेपेक्षा अधिक आहे आणि किरकोळ भावावर सरकारी कंपन्यांचा पगडा आहे. येथील पंपचालक मात्र फलकावरचे आकडे हवे तेव्हा बदलतो; रोखीचा भाव वेगळा, कार्डाचा वेगळा, आणि दोन्हींच्या शेपटाला नऊ-दशांश सेंट (ते कोणाला परत मिळतात, देव जाणे).

गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रिफायनऱ्यांना किमान साठा ठेवायला लावता येईल, अशा कायद्यावर सही केली. त्याच आठवड्यात फिलिप्स ६६ या तेल कंपनीने आपली लॉस एंजेलिसची रिफायनरी बंद करण्याचे जाहीर केले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये व्हॅलेरो या दुसऱ्या तेल कंपनीने राज्यातल्याच बेनिशिया येथील रिफायनरीबाबत तसेच सूतोवाच केले. या दोघींची मिळून क्षमता राज्याच्या एकूण क्षमतेच्या साधारण सहाव्या हिश्शाएवढी होती. विजेच्या मोटारी वाढत असताना कोणती कंपनी जुन्या रिफायनरीत नवा पैसा ओतेल? साठ्याचा कायदा आगीसारख्या अपघातात काही आठवडे तारून नेईल, पण कायमच्या टाळ्यावर तो उपाय नाही. ती तूट आयातीनेच भरून काढावी लागेल आणि जहाजाचे भाडे आमच्याच खिशातून जाईल.