अंत्रुजातल्या देवळांपासून काबो देल्गादोपर्यंत

पणजीच्या चर्च चौकासमोरच्या बागेला गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं नाव आहे. हा माणूस १५३४ मध्ये गोव्यात आला, इथल्या वैद्यांकडून आणि हकिमांकडून औषधी वनस्पती शिकला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करायला घाट चढून गेला आणि १५६३ मध्ये त्यानं हिंदुस्थानातल्या औषधांवरचा ग्रंथ गोव्यातच छापला. १५६८ मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या धर्मन्यायालयानं (इन्क्विझिशननं) जाळून मारलं. आणि १५८० मध्ये, मरून बारा वर्षं झाल्यावर, तो मनातून ज्यू होता असा निकाल लागला म्हणून त्याची हाडं उकरून काढून जाळली गेली.

बागेत संध्याकाळी मुलं खेळतात, बाहेर भेळवाले असतात. चांगलीच गोष्ट आहे. पण बाकावर बसून मी एवढाच विचार करत होते, की मेलेल्या माणसाच्या हाडांचीही ज्यांना भीती वाटते, त्यांच्याशी चर्चा कशी करायची?

गोव्यात मी देवळं बघायला गेले होते, समुद्र नाही. जी देवळं पळाली, ज्यांना नदी ओलांडावी लागली, ती. आणि मोझांबिकच्या उत्तरेत काबो देल्गादो प्रांतात धर्मांधांविरुद्ध जे युद्ध चालू आहे, त्याला आपण भारतीयांनी उघड पाठिंबा द्यायला हवा, हे माझं मत या फिरण्यात पक्कं झालं. देवळांचा आणि आफ्रिकेचा काय संबंध, असं वाटणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

जुन्या गोव्यात सगळे बासिलिका आणि से कॅथेड्रल बघतात. कॅथेड्रलजवळच धर्मन्यायालयाचा वाडा होता, त्याचा आता मागमूस नाही. १५६० ते १८१२, मध्ये चार वर्षांचा खंड सोडला तर अडीचशे वर्षं हे न्यायालय चाललं. त्याचा मुख्य अधिकार चालायचा तो बाप्तिस्मा झालेल्या माणसांवर. म्हणजे कालपर्यंत हिंदू असलेला, आज नाव बदललेला, पण सोमवारी नकळत उपास धरणारा गोंयकार हे त्यांचं पहिलं सावज. १७३६ च्या एका आदेशात तर दारात तुळस लावणं, मीठ न घालता भात शिजवणं, पुडवें (धोतर) नेसणं, हेसुद्धा गुन्हे ठरवले होते. चार्ल्स देलाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर, स्वतः कॅथलिक, दमणला काहीतरी वेडंवाकडं बोलला म्हणून पकडला गेला आणि गोव्याच्या कोठडीत सडला. सुटल्यावर १६८७ मध्ये त्यानं सगळं छापलं, म्हणून जगाला आतलं कळलं.

आजच्या गोव्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्याचा यात काडीचा दोष नाही, उलट त्याच्याच पूर्वजांनी हे सर्वांत जास्त भोगलं. धर्मांध माणूस दुसऱ्यांवर उठतोच, पण पहिली मान स्वधर्मीयाची धरतो. पुढे आफ्रिकेबद्दल बोलेन तेव्हा हे लक्षात असू द्या.

जुन्या गोव्याहून फेरीबोटीनं दिवाडीला उतरलं, बेट ओलांडलं आणि दुसऱ्या धक्क्यावरून पुन्हा फेरी घेतली, की नार्वे. सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा, कदंबांचा कुलदेव. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं, लोकांनी लिंग लपवलं, ते फिरत फिरत डिचोलीच्या बाजूला आलं. इथं दारावरच्या शिलालेखाखाली मी मान वर करून बराच वेळ उभी राहिले. अक्षरं ठसठशीत आहेत. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. श्रीशिवरायांच्या आज्ञेनं देवालयाला आरंभ. १६६८ साल ते. शिवाजी महाराजांनी पोर्तुगीजांना नुसतं निषेधाचं पत्र पाठवलं असतं, तर ही ओळ कोरायला दगडच मिळाला नसता. हातात डिचोली होती, म्हणून पाया खणता आला.

मंगेशीला नेहमीसारखी गर्दी होती, त्याबद्दल वेगळं काय लिहू? मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. १५६० च्या आसपास माणसांनी हे देव झुवारी नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आणले. देव वाचवणाऱ्यांच्या हिमतीच्या कथा आपण भक्तिभावानं सांगतो आणि सांगाव्यातच. पण नदी ओलांडल्यावर पाठलाग का थांबला, हे फारसं कुणी विचारत नाही. पाठलाग थांबला तो पलीकडे दुसऱ्याची सत्ता होती म्हणून. सत्ता कुणाची? विजापूरच्या आदिलशहाची.

फोंड्याजवळच्या शापूरला साफा मशीद आहे. उंच जोत्यावर एकच दालन, वर उतरतं कौलारू छप्पर, बाजूला जांभ्या दगडात बांधलेलं मोठं तळं. तळ्याच्या भिंतीत मेहराबीसारखे कोनाडे ओळीनं कोरलेले आहेत आणि पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. ही मशीद बांधली गेली तीही १५६० मध्येच. पुन्हा एकदा वाचा. ज्या साली जुन्या गोव्यात धर्मन्यायालय बसलं, त्याच साली मंगेश प्रियोळला (आजच्या मंगेशीला) आला आणि त्याच साली त्याच महालात ही मशीद उभी राहिली. आदिलशहा काही संत नव्हता, देवळांच्या बाबतीत सुलतानांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. तरीही त्या घडीला त्याच्या फौजेच्या सावलीत मंगेश, म्हाळसा आणि शांतादुर्गा सुखरूप राहिल्या. आश्रय देणाऱ्याचं चारित्र्य तपासत बसायला वेर्ण्याच्या माणसांना सवड नव्हती.

मुक्काम कवळ्याला होता, वडिलांच्या जुन्या स्नेह्यांकडे. निवृत्त मराठी शिक्षक, सगळा गाव त्यांना मास्तर म्हणतो, मी मास्तरकाका. सोमवार होता म्हणून काकूंनी मिश्र भाज्यांचं खतखतें केलं होतं, तिरफळांचा वास ओसरीपर्यंत येत होता. त्यांचा भाचा काही वर्षं मोझांबिकमध्ये, काबो देल्गादोतल्या पेंबा इथं, एका पुरवठा कंपनीत होता. गोव्याला त्या देशाचं नवल नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातूनच चालायचा. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारनं राग काढला तोही मोझांबिकमधल्या भारतीयांवर, त्यांना छावण्यांत डांबलं आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. त्यामुळे "पेंब्याला कसं काय?" हा प्रश्न इथल्या ओसरीवर अगदी सहज विचारला जातो.

भाच्यानं तिथलं पाहिलेलं आणि मी वाचलेलं जुळत होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ द प्राया या बंदराच्या गावातल्या पोलीस ठाण्यांवर हल्ला झाला, तिथून युद्ध सुरू झालं. हल्लेखोर आधी काही वर्षं गावातल्या मशिदींतच वाद घालत होते. तुमचा इस्लाम खोटा, सरकारी शाळेत मुलं घालू नका, असं सांगायचे आणि चपला न काढता मशिदीत शिरायचे. तिथल्या मौलवींनी आणि इस्लामी परिषदेनं सरकारला आधीच सावध केलं होतं. सरकारनं ऐकलं नाही. एप्रिल २०२० मध्ये मुइदुंबे जिल्ह्यातल्या शिताशी गावात, टोळीत यायला नकार दिला म्हणून पन्नासहून अधिक तरुण एकाच दिवशी मारले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोसिंबोआ त्यांच्या ताब्यात गेलं आणि वर्षभर राहिलं. मार्च २०२१ मध्ये पाल्मा शहर पडलं. सहा हजारांहून अधिक माणसं मेली आणि एका टप्प्यावर घरदार सोडून पळालेल्यांचा आकडा दहा लाखांच्या जवळ गेला. नकार देणारी ती शिताशीची पोरं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांच्याकडे हत्यार नव्हतं, फक्त "नाही" म्हणण्याची हिंमत होती.

जुलै २०२१ मध्ये रवांडानं हजार जवान पाठवले, पाठोपाठ आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या फौजा आल्या. महिन्याभरात, ८ ऑगस्टला, मोसिंबोआ परत मिळालं. मग हळूहळू माणसं गावी परतू लागली.

"अगो, पण तें युद्ध गॅसचें," मास्तरकाका म्हणाले. "धर्म नांवापुरतो. फ्रेंच कंपनीची विहीर राखूंक रवांडाचे सोल्जर. तूं शिकलेली मुलगी, तुला कळूंक नको?"

त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता. किनाऱ्यालगत प्रचंड वायुसाठे आहेत, फ्रेंच कंपनीचा अब्जावधी डॉलरचा प्रकल्प आहे, आणि आपल्या सरकारी तेल कंपन्यांचाही त्यात एकत्रित ३० टक्के वाटा आहे. म्हणजे हात आपलेही गुंतलेले आहेत. रवांडाच्या राजवटीवर काँगोतल्या बंडखोरांना पोसल्याचा आरोप आहे आणि तरी युरोपीय संघानं तिच्या फौजेला या मोहिमेसाठी पैसे दिले. मोझांबिकच्या स्वतःच्या सैन्यानं नागरिकांचा छळ केला, त्यांना मारलं, हे मानवाधिकार संघटनांनी नोंदवलंय. माणिकांच्या खाणींसाठी गरिबांना हुसकावलं गेलं, पोरांना काम नाही, प्रांत देशातल्या सगळ्यांत मागास प्रांतांपैकी एक. हे सगळं खरं आहे आणि युद्धाच्या समर्थकांनी ते झाकू नये. मी झाकणार नाही.

पण मग पुढे काय? गॅस नसता तर कुणी फौज पाठवली नसती, हे मान्य. म्हणून गॅस आहे तिथल्या माणसानं आपलं मरण शुद्ध हेतू सापडेपर्यंत लांबणीवर टाकायचं का? गरिबीमुळे टोळीला पोरं मिळतात, हे बरोबर. पण शाळा, रस्ते, रोजगार न्यायचे कुठून, ज्या गावात शिक्षकाची मान कापली जाते तिथे? आधी गावात रात्री झोपता आलं पाहिजे. ते काम कुणीतरी बंदूक घेऊनच करणार.

इराकमध्ये हेच दिसलं. ३ ऑगस्ट २०१४ ला सिंजारवर इसिस चालून आली तेव्हा तिथल्या यझिदी या अल्पसंख्य धर्माच्या लोकांना ओलांडायला झुवारी नव्हती, एक उघडा डोंगर होता. खाली बंदुका आणि वर पाण्याविना लेकरं. अमेरिकी विमानं आणि कुर्द लढवय्ये आले म्हणून डोंगरावरून खाली उतरायची वाट तरी मिळाली. जे मागे राहिले त्यांचं कोचो गावात काय झालं ते तिथून वाचलेल्या नादिया मुरादनं जगाला सांगितलंय. १५ ऑगस्टचा दिवस होता तो, आपण इकडे झेंडावंदन करत होतो. सहा हजारांहून जास्त बायका-मुलं पळवली गेली. मोसुलमध्ये आपलेही ३९ कामगार मारले गेले, त्यांचे अवशेष एका टेकाडाखाली सापडले आणि २०१८ मध्ये संसदेत ते सांगावं लागलं. इसिसला हटवायच्या युद्धात निरपराधही मेले. मार्च २०१७ मध्ये मोसुलमध्ये एकाच हवाई हल्ल्यात शंभरावर नागरिक गेले, अमेरिकेनं ते कबूल केलं. सीरियातलं रक्का तर जवळजवळ सपाट झालं. त्या प्रत्येक जिवाचा जाब विचारला गेलाच पाहिजे. पण युद्धच नको होतं असं म्हणणाऱ्यांनी कोचोच्या बायकांसमोर उभं राहून तसं म्हणून दाखवावं.

मास्तरकाकांना मी एवढंच विचारलं, "१९५५ मध्ये गोवामुक्तीसाठी सत्याग्रही सीमेवरच्या पत्रादेवीला निःशस्त्र गेले, त्यांच्यावर गोळ्या चालल्या. १९६१ मध्ये सैन्य आलं नसतं तर?" ते तेव्हा शाळकरी मुलगा होते. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध केवढं काहूर उठलं होतं, सोव्हिएत नकाराधिकारानं ठराव अडला, हे त्यांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. गांधींच्या देशानं हत्यार उचललं म्हणून आपल्याला तेव्हा किती ऐकवलं गेलं! सालाझारची राजवट आणि ही टोळी एक नव्हे, मला कळतं. प्रश्न बळाच्या वापराचा होता.

"तें वेगळें," ते म्हणाले. "तो आमचो प्रश्न आसलो."

काकू मध्येच म्हणाल्या, "मंगेश काय आदिलशहाचो प्रश्न आसलो?"

यावर काही उत्तर आलं नाही, खतखतें मात्र पुन्हा वाढलं गेलं.

मी भारतानं पायदळ पाठवावं असं म्हणत नाही. हिंदी महासागर मात्र आपल्या दाराशी आहे आणि मोझांबिक त्याच पाण्यावर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आयएनएस केसरी ५०० टन धान्य घेऊन मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला, गेली, सोबत दोन वेगवान गस्तीनौकाही आपण दिल्या. आपल्याकडे किती जणांना हे माहीत आहे? अशी मदत वाढवायची तर जनतेनं ती मागावी लागते, निदान ती दिल्यावर नाक मुरडू नये. मोझांबिकच्या सैनिकांना प्रशिक्षण द्या आणि त्या प्रशिक्षणात नागरिकांशी कसं वागायचं तेही शिकवा. किनाऱ्यावर गस्त घाला, कारण टोळीची माणसं आणि हत्यारं होड्यांतूनही फिरतात. आपल्या तेल कंपन्या तिथून नफा कमावणार असतील, तर परतलेल्या गावांतल्या शाळा आणि दवाखाने त्यांनी उभारावेत, हे त्यांच्या भागधारकांनी, म्हणजे सरकारमार्फत तुम्ही-आम्ही, ठणकावून सांगावं. आणि मोझांबिकच्या सैन्यानं गुन्हा केला तर पाठिंबा देणाऱ्यांनीच सगळ्यांत आधी ओरडावं, कारण ते युद्ध आपलं म्हटलं की त्याची लाजही आपली.

निघताना मास्तरकाका फोंड्याच्या कदंब बसस्टँडवर सोडायला आले. मत त्यांनी बदललेलं नाही. रवांडाच्या फौजेवर त्यांचा अजिबात विश्वास नाही आणि भाच्याला विचारून मोसिंबोआला परतलेल्यांना जमिनी परत मिळाल्या का ते मला कळवणार आहेत. कळलं की इथे लिहीन.