गाडी दारातून निघेना

"ती लाल गाडी आता घेऊन जा हो," असा फोन आला. आधी वाटलं राँग नंबर. मग जुन्या गिऱ्हाइकाचा आवाज ओळखला.

2015 मध्ये सिंहगड रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये पाच वर्षांच्या मुलासाठी मी गाडीच्या आकाराचा पलंग केला होता. पुढे एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचं, गोलसर बॉनेट, वर लालभडक ड्युको, म्हणजे फवारून चढवलेला चकचकीत रंग, हेडलाइटमध्ये एलईडी. इंटिरियरच्या धंद्यात मी तेव्हा नवा. पुढची कितीतरी वर्षं नव्या गिऱ्हाइकाला मी पहिला फोटो त्याचाच दाखवायचो.

2022 च्या मे महिन्यात मी आणि मिस्त्री तिथे पोचलो. मुलगा बारा वर्षांचा, उंची पाच फूट. गादीची लांबीही पाच फूट, मीच ठरवलेली. वर्षभर तो जमिनीवर अंथरूण घालून झोपत होता. पलंगात वाळलेले कपडे, बॅट आणि आजींचे पापडाचे डबे. हेडलाइट केव्हाच गेलेले. अ‍ॅडॉप्टर बॉनेटच्या आत आणि बॉनेट चहूबाजूंनी बंद, बदलणार कुठून? हे डोकंही माझंच.

बाबांनी पलंग भाच्याला द्यायचं ठरवलं होतं, टेम्पो खाली उभा होता. आम्ही गाडी उचलली, कडेवर उभी केली. नाक दारातून निघालं, पण बाहेर साडेतीन फुटी पॅसेज आणि समोर भिंत. सात फुटी गाडी वळेचना.

"साहेब, ही खोलीतच जुळवली होती आपण," मिस्त्री म्हणाले.

जुळवताना सगळीकडे फेविकॉल आणि खिळे. उघडेल असा एक स्क्रू नव्हता. टेम्पोवाल्याला फेरीचे पैसे देऊन परत पाठवलं आणि कटर काढला.

तेवढ्यात ड्युको आठवला. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत विषारी शिसं 90 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. माझा डबा त्याआधीचा. त्यात काय होतं हे मी दुकानात विचारलंसुद्धा नव्हतं, आणि लहान पोरं पलंगाच्या कडा चावतात हे कुणाला माहीत नाही? धाकटी मुलगी सहा वर्षांची. तिला आजींबरोबर खाली बागेत पाठवलं. खोलीचं दार बंद करून फटीत ओलं फडकं कोंबलं, मास्क लावले आणि कापायला सुरुवात केली. झाडू मारू दिला नाही. धूळ सगळी ओल्या फडक्यानं टिपली. दुपारचे तीन वाजले.

पोरगा हिरमुसेल म्हणून आई धास्तावली होती. तो दाराबाहेरून विचारत होता, "काका, मला टेबल मिळणार ना?" गप्प होतो ते त्याचे बाबा आणि मी. वापरण्याजोगं निघालं काय, तर दीड फुटाचे प्लायचे चार तुकडे. बाकी चार गोणी भंगार.

आता खोली दोघांची होती, दहा बाय साडेदहा. धाकटीची फर्माईश तयार: युनिकॉर्नचा पलंग. आई-बाबा माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हटलं, युनिकॉर्न चादरीवर आणि पडद्यावर येईल. आवड दोन वर्षांत बदलते, चादरही बदलता येते. पलंग मात्र दोघांनाही सव्वासहा बाय तीनचे, साधे, बाजारात सहज गादी मिळेल असे. सगळे जोड नटबोल्टचे. कपाटात बत्तीस-बत्तीस मिलिमीटरवर भोकं, म्हणजे फळ्या आणि कपडे टांगायचा दांडा पोरांच्या हाताच्या उंचीप्रमाणे वर सरकवता येतो. कपाट वरून भिंतीला पक्कं आवळलं. फळ्यांवर चढून बघणार नाही असं मूल मला अजून भेटलेलं नाही.

जास्त डोकं गेलं टेबलात. सहा फुटी एकच फळी टाकली की झालं, असं सगळ्यांना वाटतं. पण खुर्चीत बसून पावलं जमिनीला टेकली पाहिजेत आणि कोपर फळीच्या उंचीला यायला हवा. धाकटी एकशे पंधरा सेंटिमीटरची. तिला साधारण अठरा इंच लागतात, दादाला पंचवीस. एकाच फळीवर एकजण वाकणार, नाहीतर दुसरीचे पाय लोंबकळणार. म्हणून तीन-तीन फुटांच्या दोन फळ्या केल्या, मध्ये आणि कडेला प्लायचे उभे पाट, पाटांना इंचाइंचावर आरपार भोकं. मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, तेव्हा फळी साधारण वर्ष-सव्वा वर्षाला एक भोक वर जाते. बोल्ट काढायचा, फळी उचलायची, बोल्ट घालायचा. मिस्त्रींनी पाना बाबांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडून एकदा करून घेतलं.

आठवड्यानं आजींचा फोन. "अहो, ती भोकं रिकामी दिसतात. काम अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. बुजवून द्या की!" मी समजावलं, त्यांना ते फारसं पटलं नाही. शेवटी भोकांना लावायला प्लॅस्टिकच्या टोप्या घेऊन गेलो.

टोप्यांची गरज उरली नव्हती. धाकटीनं आजींच्या टिकल्यांचं पाकीट पळवून सगळी भोकं बंद केली होती. दादाच्या बाजूची काळ्या टिकल्यांनी, स्वतःची लाल. एकच भोक मोकळं होतं, तिच्या फळीच्या लगेच वरचं.

"हे का सोडलंस?"

"ते दिवाळीचं आहे," ती म्हणाली.